आकाशाखालचं बूच

हात पुढे आला होता म्हणे. त्याला दिसला नाही. त्याला दिसला तो नव्या संचालकबाईंचा चेहरा, चष्म्याची दोरी आणि हनुवटीखालचा एक मणी. त्याच्याही खाली, कमरेच्या उंचीवर, बाईंचा हात त्याच्या हाताची वाट बघत थांबला होता, हे त्याला नंतर कळलं. सोमवारची सकाळ होती. संग्रहालयाच्या तळघरातल्या कार्यशाळेत चारपाच माणसं उभी होती, ओळखी चालल्या होत्या. बाई म्हणाल्या, "तुम्हीच का ते, पृथ्वी बनवणारे?" तो "हो" म्हणाला, हसला आणि उभा राहिला. उभाच राहिला. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं आणि त्याला कळेना, आपण असं काय बोललो. तेवढ्यात दिवेवाला, म्हणजे प्रदर्शनांचे दिवे लावणारा त्याचा वीस वर्षांचा सोबती, मध्ये घुसला, बाईंचा हात त्याने स्वतःच हातात घेतला आणि म्हणाला, "आमचे ब्रह्मदेव कुणाला हात देत नाहीत, बाई. रंग लागलेला असतो." सगळे हसले. तोही हसला. मग सगळे वर गेल्यावर दिवेवाला म्हणाला, "काय रे, आल्या आल्या भांडण काढलंस का त्यांच्याशी?" "कसलं भांडण?" "मग हात का नाही दिलास? बिचाऱ्या उभ्या राहिल्या, हात दाखवूनही बस निघून गेल्यासारख्या." त्याने आपला उजवा हात वर केला आणि डोळ्यांसमोर धरून पाहिला. पांढऱ्या रंगाचा एक वाळलेला ठिपका सोडला तर हात स्वच्छ होता. "लक्ष नव्हतं," तो म्हणाला. दिवेवाल्याने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, की त्यालाच तसं वाटलं, कोण जाणे.

त्याला काचबिंदू होता. आठ महिने ही गोष्ट तीनच माणसांना ठाऊक होती: तो, डोळ्यांचा डॉक्टर आणि थेंबांची बाटली देणारा औषधवाला. बायकोला नाही, मुलीला नाही, दिवेवाल्यालाही नाही. थेंबांची बाटली रंगांच्या खोक्यात टर्पेंटाइनच्या मागे असायची आणि दुपारी सगळे जेवायला गेले की तो मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून, चोरासारखे थेंब घालायचा. डॉक्टरने त्याला आधी समोरासमोर बसवलं होतं. एक डोळा झाका, माझ्या नाकाकडे बघा, बोट दिसलं की सांगा. मग यंत्रापुढे. ठिपका दिसला की बटण दाबा. मग कागद दिला. कागदावर दोन वर्तुळं, कडेने काळी, मध्ये पांढरी. "हे पांढरं आहे ना, तेवढं उरलंय," डॉक्टर म्हणाला. "गेलेलं परत येत नाही. उरलेलं राखायचं." आणि पेनाला टोपण लावता लावता, निघताना आठवल्यासारखं, "घरात कुणाला होतं? आईला, वडिलांना? मुलं असतील तर त्यांना घेऊन या. त्यांचं लवकर सापडलं तर वाचतं." तो "आणतो" म्हणाला. कागद खिशात, खिशातून टेबलाच्या खणात, खणात जुन्या वृत्तपत्राखाली. कागदावर कडेला काळं होतं, पण खरं म्हणजे काळं काही दिसत नाही, आणि फसवणूक तिथेच होते. आपल्या डोक्याच्या मागे आपल्याला काय दिसतं? अंधार दिसत नाही. काहीच दिसत नाही. तसं. जग एका गोलाशी संपतं आणि संपलं आहे हे कळत नाही. मग त्या गोलाच्या बाहेरून एकदम एक सायकल येते, एक मूल येतं, दाराची कड येते. अचानक, जिथे काहीच नव्हतं तिथून.

प्रदर्शन सपाट पृथ्वीचं होतं. माणसांना पृथ्वी गोळा आहे हे कळण्याआधी, कुठे कुठे, तिची काय काय चित्रं मनात होती, त्याचे सात नमुने. लाकडाच्या मोठ्या तबकड्या, त्यांवर प्लॅस्टर, वर रंग. तो तबकडी फिरत्या चाकावर ठेवायचा, कुंभारासारखं, आणि स्वतः एकाच जागी बसून डाव्या हाताने चाक वळवत उजव्याने रंगवायचा. पूर्वी तो नमुन्याभोवती फिरायचा. चाक त्याने आठ महिन्यांपूर्वी आणलं. "म्हातारा झालास, बसून काम करतोस," असं दिवेवाला म्हणाला होता, आणि त्याने ते कबूल करून टाकलं होतं, कारण म्हातारपण कबूल करणं सोपं होतं. प्रत्येक नमुन्याखाली लावायच्या पाट्या टाइप होऊन आल्या होत्या. त्या त्याला पाठ झाल्या होत्या, आणि चाक वळवताना त्या त्याच्या डोक्यात आपोआप सुरू व्हायच्या.

पाटी. दोन नद्यांमधले लोक मानत की जमीन ही थाळीसारखी असून तिच्याभोवती कडू पाण्याची नदी आहे. नदीपलीकडे काही प्रदेश आहेत. त्यांपैकी एकात सूर्य दिसत नाही.

हा त्याने पहिला केला आणि करताना त्याला मौज वाटली होती. दुसरा बर्फाळ देशातल्या लोकांचा, कडेच्या समुद्रात एक भला मोठा साप, स्वतःचं शेपूट तोंडात धरून बसलेला. सापाचं तोंड त्याने इतकं छान केलं की बायको म्हणाली, "अहो, हा घरी नका आणू, मला झोप लागायची नाही." तिसऱ्यात जमीन चौकोनी आणि वर आकाश गोल. झाकण गोल आणि डबा चौकोनी, मग चार कोपऱ्यांवर आकाश पुरायचं कसं, असा प्रश्न तिकडच्या लोकांनाही पडला होता म्हणे. हे त्याने घरी सांगितलं तेव्हा मुलगी खो खो हसली होती. "त्या कोपऱ्यांत घर घेणाऱ्यांनी काय करायचं, बाबा? छत्री?" मुलगी क्रेन चालवते. बांधकामावरची, उंच, एका खांबाच्या टोकाला काचेची केबिन, त्यात ती. चार वर्षं लहान क्रेनवर काढली तिने, खालच्या पुरुषांचे टोमणे ऐकत, आणि येत्या सोमवारपासून तिला शहरातली सगळ्यात उंच क्रेन मिळणार होती. नेमणुकीआधी डोळे तपासले होते. भिंतीवरचा तक्ता. तिने खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. तक्ता त्यालाही वाचता येतो. तक्ता मधोमध असतो. "वरून तुमचंच बरोबर वाटतं बघा," ती म्हणाली होती. "सगळं सपाट. मध्ये मी, आणि चहूकडे कड." ते वाक्य त्याने ऐकून सोडून दिलं आणि पुढचा नमुना रंगवायला घेतला.

आईचं असंच होतं का, याचा विचार तो चाक वळवताना करायचा नाही. करायचा नाही म्हणजे रोज करायचा. आई वेंधळी होती. हा घरातला मान्य सिद्धांत होता, पृथ्वी थाळी आहे यासारखा, आणि सगळं त्यात बसायचं. आई दाराला आपटली: वेंधळी. आईने दूध टेबलाच्या कडेबाहेर ठेवलं आणि सोडलं: वेंधळी. रस्त्यात शेजारीण नमस्कार करून गेली आणि आईने बघितलंही नाही: वेंधळी, वर शिष्ट. वडील पाहुण्यांसमोर तिची नक्कल करायचे, मान पक्ष्यासारखी इकडून तिकडे वळवून, सगळी मान, कारण आई नुसते डोळे वळवून कधी बघायचीच नाही. पाहुणे हसायचे, आईही हसायची. आणि तो, आठनऊ वर्षांचा, एकदा त्याने स्टूल सरकवलं. वाईट हेतूने नव्हे, नुसतं बघायला, दिसतं का. स्वयंपाकघरातून खोलीत येणाऱ्या वाटेवर, जरा डावीकडे. आई हातात भांडं घेऊन आली, सरळ, त्याच्याकडे बघून हसत आली, आणि पडली. मनगट मोडलं. वडील म्हणाले, "डोळे कुठे असतात तुझे?" आणि त्याने स्टूल परत जागेवर ठेवून दिलं. पुढे आईचं जग लहान होत गेलं. आधी रस्ता गेला, मग जिना, मग खोली. शेवटची चार वर्षं ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची आणि काहीही ठेवण्याआधी बोटांनी टेबलाची कड चाचपायची. कड सापडली की चेहऱ्यावर समाधान यायचं, पृथ्वी अजून आहे याचं. तिला कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. वेंधळेपणावर कुठे डॉक्टर असतो?

पाटी. पुराणांतल्या वर्णनानुसार मध्ये पर्वत, त्याभोवती द्वीप आणि समुद्र यांची सात वलयं. सर्वांत बाहेर लोकालोक नावाचा डोंगर. त्याच्या आतल्या बाजूस उजेड पोचतो. बाहेरच्या बाजूस पोचत नाही.

ही पाटी वाचल्यापासून त्याला तो डोंगर करवेना. सातही समुद्र झाले. मिठाचा, उसाच्या रसाचा, मद्याचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा, गोड्या पाण्याचा. डोंगर राहिला. चाक वळवलं की डोंगराची जागा समोर यायची आणि तो ती पुढे ढकलायचा.

गुरुवारी मुलगी जेवायला आली. येताच तिने सोमवारची गोष्ट काढली, केबिनपर्यंत चढायला किती वेळ लागतो, वरून खाली काहीच ऐकू येत नाही, फक्त कानात खालच्या माणसाचा आवाज, डावीकडे घे, आणखी, थांब. बायको वाढत होती आणि भीत होती आणि भीती लपवायला रागावत होती. "एवढं उंच बसून करायचंय काय? जमिनीवर कामं संपलीत का?" "आई, जमिनीवर गर्दी आहे." बायकोने पाण्याचा ग्लास मुलीच्या डाव्या हाताशी ठेवला. मुलगी बोलत होती, हात हलवत होती, क्रेनचा दांडा कसा फिरतो ते दाखवत होती, आणि हाताने ग्लास उडवला. पाणी सगळीकडे. "आत्ता ठेवला ना तुझ्यासमोर," बायको म्हणाली, "अगदी आजीची नात शोभतेस. वेंधळी." मुलगी हसली, फडकं आणायला उठली, आणि उठताना तिने खुर्चीकडे बघायला मान वळवली. सगळी मान. पक्ष्यासारखी. त्याच्या हातातला घास हातातच राहिला. बायको काहीतरी विचारत होती, त्याला तिचे ओठ दिसत होते. तो म्हणाला, "काही नाही. ठसका लागला." ठसका लागलाच नव्हता, म्हणून मग त्याला खोटं खोटं खोकावं लागलं, आणि मुलगी पाठीवर थोपटत उभी राहिली, त्याच्या मागे, जिथे त्याला काहीच दिसत नाही तिथे. आत्ता सांगावं. आत्ता सांगितलं तर सोमवार गेला, क्रेन गेली, चार वर्षांचे टोमणे फुकट गेले. नाही सांगितलं तर. त्याने वाक्य पुरं केलं नाही. आठ महिने तो हे वाक्य इथपर्यंत आणून सोडत होता. एका ग्लासावरून काय ठरतं? ग्लास कुणाच्याही हातून पडतो. आईच्याही हातून पडायचा, आणि तेव्हाही सगळे हेच म्हणायचे.

पाटी. नाईलकाठचे लोक मानत की आकाश ही एक स्त्री आहे. ती जमिनीवर ओणवी झाली असून तिची बोटं एका क्षितिजावर आणि पाय दुसऱ्या क्षितिजावर टेकलेले आहेत.

शुक्रवारी बाई नमुने बघायला खाली आल्या, वही घेऊन, मागे चार माणसं आणि दिवेवाला. साप आवडला. चौकोन आवडला. डोंगर कुठे, असं विचारलं. "होतोय," तो म्हणाला. मग आकाशाशी येऊन थांबल्या. ही त्याची सगळ्यात मोठी मूर्ती, दीड हात लांब, निळी, अंगभर चांदण्या, एकेक चांदणी त्याने भिंग लावून काढलेली. बाई वाकल्या. आणखी वाकल्या. "हे काय आहे?" "काय?" "हे. टाचांखाली." कुणीतरी पुढे होऊन पाहिलं आणि फस्सकन हसलं. आकाशाच्या टाचांखाली बूच होतं. बाटलीचं बूच, उघडं, तपकिरी, रंगसुद्धा न लागलेलं. मूर्तीची कमान आकार धरेपर्यंत बोटांखाली एक आणि टाचांखाली एक अशी बुचं त्याने लावली होती, प्लॅस्टर तबकडीला चिकटू नये म्हणून. ओलं असतानाच काढायची असतात. बोटांखालचं काढलं. मग चाक वळवलं, चांदण्या काढल्या, चाक वळवलं, आणि बोटं दिसत असताना टाचा दिसत नव्हत्या आणि टाचा कधी नीट समोर आल्याच नाहीत. कुठलाही शिकाऊ चार पावलं मागे सरून पूर्ण मूर्ती बघतो. लांबून त्यालाही कदाचित मावली असती. पण कार्यशाळा अरुंद होती, त्याच्या पाठीशी भिंत होती. "कुठल्या देशात आकाश बुचावर उभं असतं हो, ब्रह्मदेव?" दिवेवाला म्हणाला, "उपटलं तर आतलं सगळं फसफसून बाहेर यायचं." पुन्हा सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या त्याच्याकडे बघत होत्या, आणि सोमवारचा तो न घेतलेला हात या क्षणी त्यांना आठवतो आहे, हे त्याला स्वच्छ दिसलं. तेवढं मात्र दिसलं. "राहिलं," तो म्हणाला. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "रविवारी उघडायचंय. उद्यापर्यंत टेकवून घ्या. आणि मग एकदा वर येऊन भेटा मला. निवांत." "हो."

सगळे गेल्यावर तो बुचाकडे बघत बसला. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. बूच होतं म्हणून बाईंना दिसलं. ग्लास पडला तेव्हा मात्र सगळे हसले आणि फडकं आणलं. आईच्या वाटेत स्टूल त्याने ठेवलं होतं. पोरीच्या वाटेत काय ठेवलंय, ते साठ मीटर उंचीवर आहे, आणि तेही त्यानेच ठेवलंय, गप्प बसून.

शनिवारी सकाळी त्याने मुलीला फोन केला. "येतेस का जरा कार्यशाळेत? आकाश खाली आणायचंय. एकट्याने जमत नाही."

"दिवेवाले काका कुठे गेले?"

"तू ये."

ती आली, हेल्मेट खुंटीला अडकवलं, बूच बघून पोट धरून हसली. मूर्ती दोन तुकड्यांत करून कमरेशी सरसाने जोडलेली होती. पाय खाली बसावेत म्हणून त्याने तो सांधा ओल्या फडक्याने भिजवत ठेवला होता. सैल व्हायला वेळ होता. तो म्हणाला, "तोवर बस इथे. माझ्यासमोर. हात लांब केला की पोचेल एवढ्यावर."

"खेळ आहे का काही?"

"डावा डोळा झाक. माझ्या नाकाकडे बघ. बोट दिसलं की सांग."

त्याने उजव्या डोळ्यासाठी हात बाजूला ताणला, खांद्याच्या रेषेत, पूर्ण, आणि बोट हलवलं. ही तपासणी दोघांची असते. तपासणाऱ्याला दिसलं आणि समोरच्याला नाही, म्हणजे समोरच्याचं गेलं. हे त्याला हात ताणल्यावर आठवलं. त्याला मुलीचं नाक दिसत होतं, एक डोळा, आणि डोळ्यावरची तळव्याची कड. स्वतःचं बोट कुठे आहे हे फक्त खांद्याला माहीत होतं.

त्याने हात आत आणायला सुरुवात केली. मुलीचा चेहरा बदलला.

"बाबा, कधीचं दिसतंय." थोडी थांबली. "तुम्हाला दिसत नाहीये का?"

त्याने हात खाली घेतला.

"बाबा."

"आता उजवा झाक," तो म्हणाला.

तिने झाकला. हसत नव्हती. त्याने दुसरा हात ताणला. खांदा, कोपर, मनगट. तीस वर्षं कोन मोजलेले सांधे, ते चुकायचे नाहीत. हात आत येऊ लागला.

काटकोन.

त्याच्या आत. उजव्या डोळ्याला इथे कधीच दिसलं होतं.

कोपर वाकू लागलं. नाकाकडे लागलेला तिचा डोळा हलला नाही, इमानदार पोर.

अर्धा काटकोन.

"सांग हं, दिसलं की," तो म्हणाला.

"सांगते ना. तुम्ही आणा तर."

त्याने आणखी आणलं.

"आता," ती म्हणाली.

मग त्याने सांगितलं. शब्द सांगितला, आठ महिने सांगितले, खणातला कागद सांगितला, थेंबांनी राहतं हे दोनदा सांगितलं. स्टूलही सांगितलं. ती ऐकत होती. त्याला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आठ महिने," ती म्हणाली.

"हो."

"सोमवारी क्रेन आहे माझी."

"सोमवारी डॉक्टर आहे."

ती खुंटीवरच्या हेल्मेटकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कुठे धरू?"

"खांदे धर. घट्ट."

तिने आकाशाचे खांदे धरले. त्याने सांध्यात सुरी फिरवली, बोटांनी चाचपत टाचा शोधल्या, बूच ओढलं. आकाश खाली बसलं. बारीक आवाज झाला, वाळूत पाय पडावा तसा.

"टेकले?" त्याने विचारलं. त्याला एक टाच दिसत होती, तेवढीच.

"बघते."

आणि तिने बोटांकडून पायांकडे मान वळवली. सगळी मान.